छोट्या बँकेनं डिजिटल व्हायचं म्हणजे सुरुवात कुठनं करायची

प्रश्न असा आलाय. कोल्हापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेत एक तरुण अधिकारी आहेत, त्यांच्या संचालक मंडळानं ठरवलंय की पुढच्या वर्धापनदिनापर्यंत बँकेचं स्वतःचं मोबाईल ॲप पाहिजे. ग्राहकांचं म्हणाल तर एफडी ह्यांच्याकडं आणि रोजचा सगळा पैसा फोनपे, गुगल पे वर, तेसुद्धा दुसऱ्याच बँकेचं खातं जोडून. तर ग्राहकाला धरून चालणारी डिजिटल बँक डिझाईन करायची म्हणजे नक्की काय करायचं आणि ॲपमध्ये काय काय घालायचं, असं त्यांनी विचारलंय.

माझं सगळं काम सहकारी बँकांच्या ऑपरेशन्स आणि आयटीमध्ये गेलं, कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती सांभाळणारी मुख्य यंत्रणा, बसवण्यापासून ते रोजचं रिकन्सिलिएशन, म्हणजे नोंदींचा ताळमेळ, बघण्यापर्यंत, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो.

ॲपमध्ये काय घालायचं हा प्रश्न बराच नंतर येतो. आधी हे शोधा की आपल्या ग्राहकाचा जीव कधी टांगणीला लागतोय. पैसे खात्यातनं गेले पण समोर पोचले नाहीत, ऊसबिल आलं पण धरलं होतं त्यापेक्षा कमी आलं, रात्री कुणाचातरी फोन आला आणि खातं रिकामं व्हायला लागलं, पुरात शाखा पाण्यात गेली आणि घरात रोकड नाही. अशा वेळी आपली बँक काय करते, त्या माणसाला किती वेळात उत्तर मिळतं, कोण देतं, हे आधी बसवायचं आणि मग त्याच्यावर स्क्रीन चढवायची. बॅलन्स बघायला चांगलं ॲप कुणीही बनवून देतंय, पैसे दिले की मिळतंय. अडकलेला पैसा सोडवायची यंत्रणा मात्र विकत मिळत नाही, ती बँकेला स्वतः बांधावी लागते, आणि छोट्या बँकेला ती मोठ्या बँकेपेक्षा चांगली बांधता येते, कारण माणसं ओळखीची आहेत आणि हेड ऑफिस दहा मिनिटांवर आहे.

ॲपवाल्या कंपनीला बोलवायच्या आधी एक काम करा. दोन-तीन शाखा निवडा, एखादी लक्ष्मीपुरी-शाहूपुरीकडची व्यापारी पेठेतली, एखादी एमआयडीसीजवळची, एखादी खेड्यातली, आणि तिथं काउंटरच्या बाहेर, जिथं ग्राहक उभे असतात त्या बाकावर बसा. महिन्याची सुरुवात, दूधबिलाचा दिवस, ऊसबिल जमा होतंय तो आठवडा, असे वेगवेगळे दिवस बघा. प्रत्येक माणूस कशाला आला ते एका वहीत लिहा. साहेब म्हणून केबिनमध्ये बसून हे कळत नाही, कारण केबिनपर्यंत फक्त भांडण येतं, साधी अडचण येत नाही.

बसलात की पहिली गोष्ट दिसेल ती पासबुकची रांग. बाहेरनं आलेला सल्लागार म्हणतो लोक जुन्या वळणाचे आहेत, ॲप दिलं की रांग जाईल. पण तो माणूस पासबुकमध्ये काय बघतोय ते बघा ना जरा. करवीर तालुक्यातल्या एका शाखेत मी एका मावशींना बघितलेलं, पासबुक भरून घेतलं आणि बाजूच्या कॉलेजच्या पोराला म्हणाल्या, "बघ की बाळा, किती आलं आणि कशाकशाचं कापलं." पोरानं बघितलं तर एकच ओळ. एनईएफटी, पुढं लांबलचक नंबर, पुढं कारखान्याचं इंग्रजी आद्याक्षरातलं नाव, मग रक्कम. कशाचं कापलं ते त्यात नव्हतंच, मग मावशी क्लार्ककडं, क्लार्क म्हणाला सोसायटीत विचारा, सोसायटी गावात, सचिव जेवायला गेलेले. सगळा दिवस गेला. ह्या मावशींच्या हातात उद्या स्मार्टफोन दिला आणि त्यात तीच ओळ रंगीत करून दाखवली तर काय फरक पडणार आहे?

ऊसबिलाचं गणित आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे यायला पाहिजेत, त्यातनं सोसायटीची पीककर्ज वसुली होते, आणखी काही कपाती असतात, आणि उरलेलं खात्यात पडतं. म्हणजे शेतकऱ्याला तीन गोष्टी पाहिजेत, बिल कुठल्या पंधरवड्याचं, टन किती, आणि कपात कशाची किती. ही माहिती कारखान्याकडं आणि सोसायटीकडं आहेच. बँकेनं कारखान्याच्या अकाउंट्सच्या माणसाबरोबर बसून पेमेंटच्या फाईलमध्ये दोन-तीन कॉलम वाढवून घ्यायचे आणि मेसेज मराठीत पाठवायचा: ऊसबिल, जानेवारी दुसरा पंधरवडा, टन इतके, सोसायटी वसुली इतकी, खात्यात जमा इतके. दूधबिलाचंही तेच, दर दहा दिवसांनी येणारा पैसा आहे आणि बऱ्याच घरांत बाईच्या हातात येणारा तोच एक पैसा आहे, त्यात पशुखाद्याचे किती कापले हे तिला कळलं पाहिजे.

इथं एसएमएसचा व्हेंडर तुम्हाला अडवणार, त्याची तयारी ठेवा. देवनागरी मेसेज युनिकोडमध्ये जातो, एका मेसेजमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६० बसतात, म्हणजे मराठीचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो, शिवाय प्रत्येक मजकुराचा टेम्प्लेट डीएलटी ह्या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर आधी नोंदवावा लागतो, म्हणून तो म्हणतो इंग्रजीच ठेवूया. ऐकू नका. ज्या पैशात वर्धापनदिनाची पानभर जाहिरात येते त्यात हे मेसेज कित्येक महिने जातील. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मिस कॉल दिला की उलटा फोन येऊन मराठीत शेवटची जमा आणि शिल्लक वाचून दाखवेल अशी सोय करा, साध्या फोनवर चालतंय, अवघड काही नाही.

आता यूपीआय. तुमचे ग्राहक फोनपेला दुसऱ्या बँकेचं खातं का जोडतात हे त्यांनाच विचारा. मला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, तुमच्या खात्यावरनं पेमेंट अडकतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयनं एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, त्या गर्दीत स्वतःचं यूपीआय ॲप घेऊन उतरून छोट्या बँकेला काही मिळणार नाही. ग्राहकानं ॲप कुठलंही वापरू दे, त्याच्या मागं खातं आपलं असलं पाहिजे आणि ते खातं नापास होता कामा नये, एवढंच ध्येय ठेवा.

त्यासाठी रोज सकाळी दोन आकडे मागवा, टीडी आणि बीडी. बीडी म्हणजे बिझनेस डिक्लाईन, ग्राहकानं पिन चुकवला, खात्यात पैसे नव्हते वगैरे. टीडी म्हणजे टेक्निकल डिक्लाईन, म्हणजे दोष यंत्रणेत. यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय स्वतः मोठ्या बँकांचे हे आकडे दर महिन्याला जाहीर करते. छोट्या बँकेत बऱ्याचदा कुणाला हे आकडे माहीतच नसतात, कारण बँक यूपीआयला थेट नाही तर दुसऱ्या एका बँकेमार्फत, म्हणजे स्पॉन्सर बँकेमार्फत, सब-मेंबर म्हणून जोडलेली असते आणि रिपोर्ट आयटीच्या एका मेलबॉक्समध्ये पडून असतो. तो उघडा, तासाप्रमाणे मांडा, आणि बघा टीडी कधी वाढतोय. मी जिथं जिथं हे करायला लावलं तिथं एक डोंगर ठरलेल्या वेळी दिसतो, रात्री, डे-एंड चालू असताना. कोअर बँकिंग दिवस बंद करतंय, व्याज लावतंय, बॅकअप घेतंय आणि तेवढ्या वेळात आलेला यूपीआयचा डेबिट नाकारला जातोय. आता ती वेळ काय आहे बघा की, माणूस कुटुंबाला घेऊन तांबडा-पांढरा खाऊन गल्ल्यावर उभा आहे, मागं लोक थांबलेत, आणि पेमेंट फेल. दोनदा असं झालं की तो घरी जाऊन खातं बदलतो आणि तुम्हाला कधी सांगत पण नाही.

ह्याला उपाय आहे आणि तो जुना आहे. शिल्लकीची एक प्रत कोअरच्या बाहेर वेगळ्या थरात ठेवायची, डे-एंड चालू असताना मंजुरी त्या प्रतीवरनं द्यायची, व्यवहार ओळीनं साठवायचे आणि दिवस उघडला की कोअरमध्ये ओतायचे. एटीएमसाठी हे पूर्वीपासून करतात. तुमच्या कोअर बँकिंगच्या कंपनीला लेखी विचारा, डे-एंडला डेबिट चालू राहतं का आणि किती मिनिटं बंद राहतं. उत्तर गोलमोल आलं तर ॲपच्या आधी हा खर्च करा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास झालं, आता "बँक बंद झाली" ही वेळच उरलेली नाही, पण आपल्या सिस्टिम अजून संध्याकाळी शटर ओढल्यासारख्या वागतात.

तरीही काही व्यवहार अडकणारच, नेटवर्क आहे म्हटल्यावर अडकतंय. तेव्हा काय होतं त्याची गोष्ट मी फार वेळा बघितली आहे. व्यापारी दुकान पोरावर टाकून स्क्रीनशॉट घेऊन शाखेत येतो, क्लार्क हेड ऑफिसला फोन लावतो, हेड ऑफिस स्पॉन्सर बँकेला मेल करतं, तिकडनं एका एक्सेल शीटमध्ये उत्तर येतं, ते उत्तर आयटीच्या माणसाकडं पोचतं, आणि व्यापाऱ्याला कुणीच काही कळवत नाही. तिसऱ्या दिवशी तो परत येतो आणि आता त्याला पैशापेक्षा वागणुकीचा राग असतो.

नियम तर ग्राहकाच्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं यूपीआयनं पाठवलेले पैसे कापले गेले आणि समोरच्याच्या खात्यात पडले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला पाहिजेत, नाहीतर पुढं रोज १०० रुपये भरपाई. दुकानदाराला केलेलं पेमेंट किंवा एटीएममधनं न निघालेली रोकड असेल तर ५ दिवस. आणि ही भरपाई ग्राहकानं मागायची नाही, बँकेनं स्वतःहून जमा करायची आहे. माझा ठाम सल्ला, हे पहिल्यांदा ऑटोमॅटिक करा. रोजच्या रिकन्सिलिएशनमध्ये मुदत उलटलेली नोंद सापडली की भरपाई त्याच दिवशी खात्यात आणि मराठीत मेसेज. ज्याला न मागता १०० रुपये आले तो माणूस गुजरीत दहा दुकानांत सांगतो.

आणि काउंटरवरच्या क्लार्कला एक स्क्रीन द्या, त्यात व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, म्हणजे आरआरएन, टाकला की स्थिती दिसली पाहिजे, पैसे कुठं आहेत, कधीपर्यंत परत येतील, आणि ह्या तक्रारीचा मालक कोण. मालक म्हणजे बँकेतलं एकच नाव, विभाग नव्हे. ग्राहकाला त्या माणसाचं नाव आणि वेळ सांगायची आणि ती वेळ व्हायच्या आत, काम झालं नसलं तरी, फोन करायचा. लोकांना थांबायचा त्रास कमी होतो, काहीच कळत नाही ह्याचा जास्त होतो.

आता पिग्मी एजंट. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि डिजिटलच्या चर्चेत ह्यांचं नाव कुणी काढत नाही. सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली तेव्हापासनं ही पद्धत दक्षिणेत आणि आपल्याकडं मुरली आहे, आणि कोल्हापुरातल्या पेठांमध्ये रोज संध्याकाळी दुकानात येणारा बँकेचा माणूस म्हणजे पिग्मीवाला. चपलांच्या दुकानात, महाद्वार रोडच्या फेरीवाल्याकडं, उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडं तो जातो, धंदा बसलाय की चाललाय हे त्याला शाखाधिकाऱ्याच्या आधी कळतंय. एवढी माहिती आणि एवढा विश्वास मोठ्या बँकांना कितीही पैसे टाकून मिळत नाही. पण त्याच्या हातात बऱ्याच ठिकाणी अजून असं मशीन आहे जे रात्री शाखेत जोडल्यावरच बोलतं. ते बदला. पैसे घेतल्या क्षणी ग्राहकाच्या फोनवर मेसेज गेला पाहिजे, बँकेच्या सर्व्हरवरनं, एजंटच्या मशीनवरनं नव्हे. अफरातफरीची दारं तिथंच बंद होतात आणि प्रामाणिक एजंटवर कुणी बोट ठेवू शकत नाही.

त्याच्या पुढं जाऊन त्याला शिकवा. क्यूआर बसवून देणं, साउंडबॉक्स चालू करून देणं, यूपीआयचा पिन स्वतःच कसा टाकायचा, कुणाला दाखवायचा नाही, वारसनोंद राहिली असेल तर फॉर्म भरून घेणं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्याला ४ पर्यंत वारस नेमता येतात, किती ग्राहकांना माहीत आहे? रोख पिग्मी कमी होईल म्हणून एजंट घाबरलेत, त्यांचं कमिशन फक्त गोळा केलेल्या रकमेवर ठेवलं तर ते डिजिटलच्या विरोधातच जाणार, साहजिक आहे. क्यूआरवर आलेल्या जमेवर, चालू ठेवलेल्या खात्यावर त्यांना काहीतरी द्या, मग तेच तुमची मोबाईल बँक होतात.

फसवणुकीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इथं माणूस आयुष्याची पुंजी घालवतो. पेन्शनवाले आजोबा, त्यांना व्हिडिओ कॉल येतो, पोलीस म्हणून, डिजिटल अटक केली म्हणतात, आणि आजोबा घाबरून एफडी मोडतात. बँकेला हे दोन ठिकाणी अडवता येतं. एक, व्यवहार होताना. ज्या खात्यात वर्षानुवर्षं फक्त पेन्शन आणि किराणा आहे तिथनं अचानक एफडी मोडून मोठी रक्कम अनोळखी खात्यात चाललीय, तर सिस्टिमनं ती थांबवून शाखेतल्या ओळखीच्या माणसाचा फोन लावायला पाहिजे, कॉल सेंटरचा नव्हे. "आजोबा, मी शाखेतनं बोलतोय, कुणाला पाठवताय?" एवढा एक प्रश्न पुष्कळदा पुरतो. ह्यासाठी एआय वगैरे नंतर बघा, आधी चार साधे नियम लावा: ७० च्या वरचं वय, मुदतीआधी मोडलेली एफडी, नवीन लाभार्थी, मोठी रक्कम.

दुसरं ठिकाण, कळल्यानंतरची पहिली काही मिनिटं. १९३० ला फोन करा हे सगळ्यांना पाठ झालंय, चांगलंच आहे, पण त्याच वेळी बँकेकडं पण असा एक नंबर पाहिजे ज्याच्यावर नोंदवलेल्या मोबाईलवरनं मिस कॉल दिला की खात्यातनं पैसे जाणं थांबेल. मेनू नको, "मराठीसाठी दोन दाबा" नको. तो नंबर पासबुकच्या पहिल्या पानावर, एटीएम कार्डाच्या मागं आणि एफडीच्या पावतीवर छापा. रात्री अकराला तुमच्या बँकेचा फोन कोण उचलतं हे आजच स्वतः लावून बघा. नियम हा आहे की ग्राहकानं कळवल्यानंतर जे काही खात्यातनं जाईल ते बँकेच्या माथी, मग चूक सुरुवातीला ग्राहकाची का असेना. आणि दोष बँकेचाही नाही, ग्राहकाचाही नाही, यंत्रणेत दुसरीकडं कुठंतरी आहे, अशा वेळी ३ कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, १० कामकाजी दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची, ९० दिवसांत निकाल लावायचा, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. २०१७ पासून हे आहे. तरी शाखेत पहिलं वाक्य काय ऐकू येतं, "तुम्हीच ओटीपी दिला असेल." हे वाक्य बँकेतनं हद्दपार करा. आधी खातं थांबवा, मग तक्रार लिहून घ्या, मग चौकशी.

वेबसाईटचा पत्ता पण लोकांना सांगा. रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन ह्या पत्त्यावर जायला सांगितलेलं, ते झालं असेल तर ग्राहकाला माहीत पाहिजे की हा शेवट नसेल तर ती आपली साईट नाही. बोर्डावर लिहा, पिग्मीवाल्याला सांगायला लावा.

सुरक्षेचा खर्च मंडळाला पटवायचा असेल तर ऑगस्ट २०१८ ची कॉसमॉस बँकेची घटना सांगा. हल्लेखोरांनी एटीएमचा स्विच, म्हणजे कार्डाची मागणी कोअरकडं पोचवणारी यंत्रणा, आणि कोअर बँकिंगच्या मधे स्वतःचा बनावट स्विच घुसवला, कोअरला न विचारता मंजुऱ्या जात राहिल्या आणि ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, त्यातले काही पैसे क्लोन कार्डांनी आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधनंच निघाले. आणि जुलै २०२४ च्या शेवटी एका टेक्नॉलॉजी पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा एनपीसीआयनं त्याला पेमेंट यंत्रणेपासून तोडलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक एका झटक्यात अडकले. त्या बँकांनी स्वतः काही केलेलं नव्हतं. म्हणून व्हेंडरच्या करारात लिहून घ्या, लॉग आमच्या ताब्यात, डेटा आमच्या मालकीचा आणि मागितला की वापरता येईल अशा स्वरूपात परत, हल्ला झाला तर किती तासांत कळवायचं, आणि तुमची सिस्टिम बंद असताना आमचा ग्राहक काय करणार. लहान बँकेला एकटीनं हे वाटाघाटीत जमत नसेल तर चार बँकांनी मिळून जा, किंवा मार्च २०२४ पासून नागरी बँकांची जी शिखर संस्था एनयूसीएफडीसी सुरू झाली तिच्याकडं बघा, ती ह्यासाठीच आहे.

पुराचं वेगळं सांगायला पाहिजे का कोल्हापूरकराला? २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पंचगंगा शहरात घुसली, शिरोलीजवळ हायवे बंद, लाईट नाही, मोबाईल टॉवर बंद, एटीएममध्ये रोकड भरायला गाडी येत नाही. अशा वेळी डिजिटल बँक म्हणजे काय असते? सर्व्हर दुसऱ्या शहरात, डीआर साईट, म्हणजे मुख्य यंत्रणा पडली तर चालणारी पर्यायी जागा, पुराच्या पट्ट्याबाहेर, जनरेटर तळघरात नाही, हे तर झालंच, पण उंचावरच्या दोन शाखा आधीच ठरवलेल्या पाहिजेत, तिथं जास्तीची रोकड, सॅटेलाईटची जोडणी, आणि सगळ्या शाखांच्या ग्राहकांची ओळख पटवता येईल अशी रोज ताजी होणारी, कुलूपबंद केलेली ऑफलाईन यादी. पासबुक वाहून गेलं, आधार वाहून गेलं, फोन भिजला, तरी माणसाला फोटो आणि सही बघून मर्यादित रक्कम देता आली पाहिजे, आणि हे ठराव करून आधीच मंजूर ठेवायचं, पाणी चढल्यावर मिटिंग घेता येत नाही. जून संपायच्या आत दरवर्षी एक दिवस मुद्दाम लाईन काढून ह्याचा सराव करा.

कर्जाच्या कागदांबद्दल थोडक्यात. जे बँकेला स्वतः मिळू शकतं ते ग्राहकाकडं मागू नका. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन १५ रुपयांत मिळतो, तो आणायला शेतकऱ्याला तालुक्याला का पाठवायचं? जीएसटी रिटर्न, दुसऱ्या बँकेचं स्टेटमेंट, हे ग्राहकाच्या संमतीनं अकाउंट ॲग्रीगेटरवरनं, म्हणजे आर्थिक माहिती पोचवणाऱ्या मधल्या संस्थेमार्फत, येतं, २०२१ पासून ही व्यवस्था चालू आहे. शिरोलीच्या फाउंड्रीला माल पुरवणाऱ्या छोट्या मशीन शॉपवाल्याला कॅश क्रेडिट वाढवायला त्याच त्याच झेरॉक्स तीन वेळा द्यायला लावतो आपण, आणि तो एक दिवस खासगी सावकाराकडं जातो कारण तिथं संध्याकाळी पैसे मिळतात. केवायसीचंही तसंच, पत्ता बदलला नसेल तर ग्राहकाचं स्वतःचं निवेदन पुरतं, तरी परत सगळे कागद मागतात. शेतात राबलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, मशीन नाही म्हणतं आणि त्या खालमानेनं परत जातात, तिथं चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय पाहिजेच. ७० च्या वरच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्यायचं रिझर्व्ह बँकेनं व्यापारी बँकांना २०१७ मध्येच सांगितलंय, तशी सेवा तुमच्या बँकेत मागायची कशी, हे शाखेच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा.

हे सगळं झालं की मग ॲप. लहान ठेवा. शिल्लक आणि नोंदी समजतील अशा मराठीत, खातं थांबवा हे बटण पहिल्याच स्क्रीनवर, तक्रार कुठं आहे ते, एफडी आणि वारस, आणि शाखेतल्या आपल्या माणसाचा थेट फोन. विमा, शॉपिंग, ऑफर काही नको. ग्राहकाला फक्त बघण्यापुरती सोय द्यायची असेल तर मार्ग सोपा आहे, पैसे पाठवायची सोय द्यायची तर रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते आणि त्यात बँकेचं भांडवल, थकीत कर्जं म्हणजे एनपीए, ऑडिट सगळं बघितलं जातं, त्यामुळं वर्धापनदिनाची तारीख जाहीर करायच्या आधी कंप्लायन्सच्या माणसाला विचारा. पहिल्या टप्प्यात बघण्यापुरतंच ॲप आणि फोनपे-गुगल पे च्या मागं न अडकणारं खातं, एवढं झालं तरी तुमचा ग्राहक परत यायला लागेल असं माझं अनुभवानं मत आहे. १९४३ मध्ये ह्याच गावात निघालेली रत्नाकर बँक आज आरबीएल म्हणून देशभर आहे, तिचा रस्ता वेगळा होता, प्रत्येकानं तो धरायची गरज नाही. ४० शाखांत राहूनही उत्तम बँक होता येतं.

मंडळाला दर महिन्याला ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडा देऊ नका, त्याच्यानं सगळे खूश होतात आणि कळत काहीच नाही. हे द्या: एकाच कामासाठी दुसऱ्यांदा शाखेत यावं लागलेले ग्राहक किती, मुदत उलटून गेलेल्या अडकलेल्या व्यवहारांची संख्या, टीडी, रात्री आलेल्या फोनपैकी किती उचलले, आणि पगार किंवा दूधबिल आलं की त्याच दिवशी सगळा पैसा दुसऱ्या बँकेत हलवणारी खाती किती. शेवटचा आकडा सगळ्यात खरा आहे, तो खाली आला की समजा लोक तुमच्याकडं राहायला लागले.

टीम छोटी करा, आयटीचा एक, ऑपरेशन्सचा एक, काउंटरवर दहा-पंधरा वर्षं काढलेली एक क्लार्क, एक पिग्मी एजंट, आणि मंडळातला एक संचालक ज्याला खर्चाची सही करता येते. पहिल्या तीन महिन्यांत मराठी मेसेज, आरआरएनची स्क्रीन, आपोआप भरपाई आणि खातं थांबवायचा मिस कॉल, एवढी चारच कामं हातात घ्या. स्पॉन्सर बँकेबरोबरच्या करारातली रिकन्सिलिएशनची वेळ आणि डे-एंडला लागणारी मिनिटं, हे दोन कागद आधी मिळवा आणि इथं लिहा, पुढचं त्यावरनं सांगतो.